वाचक विचारतात : चोकिन, जपानी धातूवरचे कोरीवकाम

गेल्या अंकातील जपानी तलवारींवरच्या लेखासोबत आम्ही एका त्सुबाचे छायाचित्र छापले होते. तलवारीचे पाते आणि मूठ यांच्यामध्ये बसवल्या जाणाऱ्या चकतीला त्सुबा म्हणतात. काळ्याभोर जमिनीवर सोनेरी लोंब्या आणि राखी बगळा असलेल्या, तळहातावर मावणाऱ्या त्या चकतीविषयी जितकी पत्रे आली तितकी मूळ लेखातील पात्यांविषयी आली नाहीत. त्यांपैकी निवडक प्रश्न उत्तरांसह देत आहोत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : छायाचित्रातील काळा आणि राखी रंग ही मीनाकारी आहे की वरून दिलेला लेप? मुळात धातू इतका काळा असू शकतो का?

उत्तर : त्यात मीनाकारीही नाही आणि लेपही नाही. तुम्हाला दिसलेला प्रत्येक रंग त्या त्या धातूचा स्वतःचा आहे, आणि माझ्या मते या कलेचे खरे मर्म तिथेच आहे. जपानी कारागिरांनी तांब्यात सोने किंवा चांदी मिसळून असे मिश्रधातू सिद्ध केले, की ते कोरले जात असताना त्यांच्यातला फरक फारसा जाणवत नाही; काम पुरे झाल्यावर मात्र संपूर्ण वस्तू एका विशिष्ट द्रावणात उकळली, की एकाच वेळी, एकाच भांड्यात, प्रत्येक धातू आपापल्या वेगळ्या रंगावर येतो.

छायाचित्रातील काळी जमीन शाकुदो या मिश्रधातूची आहे. शाकुदोमध्ये जवळजवळ सगळे तांबेच असते आणि सोने साधारण ३ ते ५ टक्के असते. उकळण्यापूर्वी तो पाहिला तर कोणीही त्याला तांबेच म्हणेल. उकळल्यानंतर त्यावर जांभळट झाक असलेला असा गडद काळा रंग येतो, की त्याच्याशेजारी काळे लाखकामसुद्धा फिके वाटावे. बगळा शिबुइचीचा आहे. हा तांबे आणि चांदी यांचा मिश्रधातू असून त्यात चांदी ढोबळमानाने चौथा हिस्सा धरतात, मात्र प्रत्यक्षात कारागिरागणिक हे प्रमाण बरेच कमीजास्त होते, आणि त्यानुसार राखी रंग कधी तपकिरीकडे तर कधी रुपेरीकडे झुकतो. याच द्रावणात निव्वळ तांबे शेंदरी-तांबूस होते, सोने आपला रंग बदलत नाही आणि चांदी पांढरीच राहते. चितारी ज्याप्रमाणे रंग निवडतो त्याप्रमाणे कोरक धातू निवडतो, फरक इतकाच की चितारी रंग लावताक्षणी तो पाहू शकतो. कोरकाला आपण योजलेला काळा, राखी आणि तांबडा महिनोन्‌महिने केवळ मनात धरून ठेवावा लागतो, कारण त्याच्या पुढ्यातला तुकडा शेवटच्या दिवसापर्यंत तांबूस-पिवळटच असतो.

या शेवटच्या प्रक्रियेला निइरो म्हणतात. प्रथम पृष्ठभाग पाण्याखाली खास कोळशाने घासून अगदी गुळगुळीत करतात आणि त्यावरचा तेलकटपणा पूर्ण काढून टाकतात; बोटाचा एखादा ठसा जरी राहिला, तरी नेमक्या त्या जागी डाग पडतो. द्रावण तांब्याच्या भांड्यात तयार करतात आणि त्यात मोरचूद व रोकुशो नावाचा विशिष्ट पद्धतीने तयार केलेला जंगाल, म्हणजे तांब्याचा हिरवा गंज, दोन्ही अगदी थोडे, लिटरभर पाण्यात काही ग्रॅम इतकेच घालतात. वस्तू द्रावणात सोडण्यापूर्वी ती पांढऱ्या जपानी मुळ्याच्या ताज्या किसात बुडवून काढतात, जेणेकरून रंग सगळीकडे सारखा चढावा. मग उकळत्या द्रावणात ती सतत हलती ठेवायची, मधूनमधून बाहेर काढून पाण्याने धुवायची, पुन्हा मुळ्याच्या किसातून काढून आत सोडायची आणि हवा तो रंग आला, की थांबायचे. हे थांबणे घड्याळाकडे पाहून ठरत नाही, नजरेने ठरते.

रसायनाच्या दृष्टीने पाहता पृष्ठभागावर तांब्याच्या ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर तयार होतो. शाकुदोच्या बाबतीत त्या थरात सोन्याचे अतिसूक्ष्म कण अडकलेले असतात आणि त्यांच्यामुळे तांब्याचा एरवीचा तांबडा थर काळा दिसू लागतो. सोने खर्ची घालून त्यातून काळा रंग मिळवावा, हा विचार ज्याला प्रथम सुचला त्याच्या रसिकतेचा, आणि थोडा त्याच्या ऐपतीचाही, मला हेवा वाटतो.

प्रश्न : चोकिन म्हणजे केवळ कोरणे, की धातूची सगळीच कलाकुसर?

उत्तर : जपानमध्ये धातुकलेच्या तीन मुख्य शाखा मानतात. साच्यात ओतून वस्तू करणे ते चुकिन, पत्रा हातोडीने ठोकून भांडे किंवा आकार उठवणे ते तान्किन, आणि तयार पृष्ठभागावर छिन्नीने कोरणे, उठाव देणे, जाळी कापणे किंवा दुसरा धातू बसवणे ते चोकिन. प्रत्यक्षात एकाच वस्तूवर तिन्ही शाखांचे हात फिरलेले असतात. तोयामा प्रांतातील ताकाओका हे गाव सतराव्या शतकाच्या आरंभापासून ओतकामासाठी प्रसिद्ध आहे. परंतु तेथील फुलदाणी ओतून झाली, की तिच्यावरचे नक्षीकाम कोरकाकडेच जाते.

प्रश्न : इतक्या बारीक रेषा कोणत्या हत्याराने काढतात? कोरताना वस्तू हलत कशी नाही?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण काम तिथूनच सुरू होते. पाइनची राळ, बारीक मातीची भुकटी आणि थोडे तेल एकत्र शिजवून यानी नावाचे मिश्रण करतात आणि ते लाकडी ठोकळ्यावर किंवा जड वाडग्यात ओततात. ते गरम करून मऊ केले, की धातूचा तुकडा त्यात दाबून बसवायचा. थंड होताच तो घट्ट धरला जातो. ही बैठक दगडासारखी कडक नसून किंचित दबणारी असते, त्यामुळे घाव बसताना पत्र्याला खालून आधारही मिळतो आणि थोडी लवचीकताही. काम झाल्यावर पुन्हा उष्णता दिली, की तुकडा मोकळा होतो.

कोरण्याच्या छिन्नीला तागाने म्हणतात. ही पोलादाची बोटभर लांबीची कांडी असते आणि कारागीर ती बहुधा स्वतःच घडवतो : टोक तापवून ठोकायचे, कानशीने आकार द्यायचा, पाणी पाजायचे आणि दगडावर धार लावायची. नवीन कामात एखाद्या पाकळीच्या वळणाला जवळची एकही छिन्नी लागू पडत नसेल, तर तेवढ्यासाठी नवी छिन्नी बनवतात, आणि म्हणूनच मुरलेल्या कारागिराच्या पेटीत शेकडो तागाने साठलेल्या असतात. डाव्या हाताची बोटे छिन्नी धरतात आणि त्यांतलेच एक बोट पत्र्यावर टेकलेले असते, म्हणजे टोक घसरले तरी हात घसरत नाही. उजव्या हातातल्या छोट्या हातोडीचे घाव हलके, पण एका लयीत पडत राहतात.

रेषांचे प्रकार अनेक आहेत. केसाएवढ्या बारीक, सारख्या जाडीच्या रेषेला केबोरी म्हणतात. छिन्नी दर घावागणिक किंचित उचलून छोट्या त्रिकोणी खुणांची तुटक रेषा काढली, की ती केरीबोरी. जपानमधील प्राचीन सोनेरी मुलाम्याच्या ब्राँझ वस्तूंवर ती पुष्कळ दिसते. मला सर्वांत जास्त मोह घालते ती काताकिरीबोरी. सपाट धारेची छिन्नी एका बाजूला कलती धरून कोरल्यामुळे चरीची एक भिंत उभी आणि दुसरी उतरती होते. कल वाढवला की रेषा रुंद होते, छिन्नी सरळ करत आणली की ती निमुळती होत संपते. परिणामी कुंचल्याच्या फटकाऱ्यातली जाड-बारीक गती धातूत उतरते, आणि प्रकाश उतरत्या भिंतीवर पडतो तेव्हा रेषेला जणू ओल्या शाईची चमक येते. कुंचल्याने काढलेली चुकलेली रेषा कागदासह फेकून देता येते, पण येथे एकदा काढलेला धातू परत भरता येत नाही. रेषा सुरू करण्यापूर्वी तिचा शेवट कोरकाला ठाऊक असावा लागतो.

काताकिरीला मानाचे स्थान मिळवून दिले ते एदो, म्हणजे आजच्या तोक्यो, येथील योकोया सोमिन (१६७०–१७३३) याने. त्याच्या घराण्याला शोगुनची, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाची, नोकरी होती. ती सोडून तो शहरातील गिऱ्हाइकांसाठी काम करू लागला आणि हानाबुसा इत्चो या चित्रकाराची रेखाटने त्याने धातूवर उतरवली. चित्रकाराच्या कुंचल्याशी बरोबरी करायची म्हटल्यावर त्याला तशी रेषा देणारी छिन्नी लागणारच होती.

उठावाच्या कामात आकृती जमिनीच्या वर येते. याच्या नेमके उलट, आकृती जमिनीच्या पातळीखालीच ठेवून तिला गोलाई देण्याची शिशिआइबोरी ही पद्धत सुगिउरा जोइ (१७०१–१७६१) याच्या नावाशी जोडलेली आहे. त्यात नक्षी कुठेही पुढे येत नसल्याने वापरात झिजत नाही. जाळीकामाला सुकाशी म्हणतात आणि लोखंडी त्सुबांवर त्याची उत्तम उदाहरणे आढळतात.

आणखी एक गोष्ट छायाचित्रात भिंगाखाली पाहण्यासारखी आहे. बगळ्याभोवतीची काळी जमीन सपाट नसून सूक्ष्म दाण्यांनी भरलेली आहे. या दाण्यांना नानाको म्हणतात. टोकाला वाटीसारखा खोलगट आकार असलेली छिन्नी एकदाच ठोकायची, की एक दाणा उमटतो. त्याच्या लगत दुसरा, मग तिसरा, असे करत ओळींमागून ओळी भरायच्या. दाणा मोहरीपेक्षाही बराच लहान असतो आणि एका त्सुबावर असे हजारो दाणे असतात. एक ओळ तसूभर जरी वाकडी गेली, तरी पुढच्या सगळ्या ओळी तिच्यामागोमाग वाकतात. हे काम करणारे कारागीर पुष्कळदा वेगळेच असत. जमीन त्यांची आणि आकृती दुसऱ्याची. वस्तूवर नाव मात्र आकृती कोरणाऱ्याचे.

प्रश्न : एका धातूत दुसरा धातू बसवताना डाग देतात की चिकटवतात?

उत्तर : नेहमीच्या जडावकामात, म्हणजे झोगानमध्ये, दोन्ही करत नाहीत, धातू केवळ दाबाने अडकवलेला असतो. हव्या त्या आकाराची खाच कोरल्यावर तिच्या भिंती तळाशी आतून थोड्या कापून रुंद करतात, म्हणजे खाच तोंडाशी अरुंद आणि तळाशी पसरट होते. मग त्याच आकाराचा सोन्याचा किंवा चांदीचा तुकडा तिच्यात ठेवून ठोकतात; मऊ धातू तळाच्या पोकळीत पसरतो आणि वरचे अरुंद तोंड त्याला बाहेर येऊ देत नाही. हे सगळे मिलिमीटरभर खोलीत घडते. तुकडा जमिनीच्या पातळीला घासून सपाट केला तर ते हिराझोगान, आणि वर ठेवून कोरला तर ताकाझोगान. छायाचित्रातील बगळा दुसऱ्या प्रकारचा आहे.

दुसरी पद्धत नुनोमे झोगानची आणि ती मुख्यतः लोखंडावर करतात. बारीक छिन्नीने लोखंडाच्या पृष्ठभागावर उभ्या, आडव्या आणि तिरक्या अशा इतक्या जवळजवळ रेषा पाडतात, की तो खरखरीत कापडासारखा होतो. त्यावर सोन्याचा किंवा चांदीचा अतिशय पातळ पत्रा ठेवून ठोकला, की रेषांच्या कडेला उभी राहिलेली अदृश्य टोके त्यात रुततात आणि पत्रा पक्का बसतो. क्युशू बेटावरील कुमामोतो येथे ही पद्धत हिगो झोगान या नावाने होसोकावा घराण्याच्या आश्रयाखाली वाढली. तेथे सोने बसवून झाल्यावर लोखंड मुद्दाम गंजवतात आणि नंतर ते चहाच्या काढ्यात उकळतात; चहातील टॅनिनमुळे गंज थांबतो आणि लोखंडाला मऊ, गडद काळा रंग येतो. गंजाला शत्रू न मानता त्यालाच कामाला लावण्याची ही रीत मला फार आवडते. जपान सरकारने हिगो झोगानला २००३ मध्ये पारंपरिक हस्तकलेचा अधिकृत दर्जा दिला.

प्रश्न : शस्त्रावर इतकी कलाकुसर कशासाठी? आणि तलवारी गेल्यावर हे कारागीर कुठे गेले?

उत्तर : सामुराईच्या पोशाखात दागिन्याला जागा अशी एकच होती, ती म्हणजे त्याच्या कमरेची तलवार. त्सुबाखेरीज मुठीच्या दोरीखाली बसवायची मेनुकी नावाची जोडशिल्पे, म्यानात खोचलेल्या छोट्या सुरीची कोझुका नावाची मूठ आणि केस सारखे करण्याची कोगाइ नावाची सळई, हे सगळे कोरकाचे क्षेत्र. कोझुका सुमारे दहा सेंटिमीटर लांब आणि दीड सेंटिमीटर रुंद असते, आणि तेवढ्या पट्टीवर नदी, नाव, पाऊस आणि छत्री घेतलेला वाटसरू सुखाने मावलेले दिसतात.

या कामाची प्रमाण परंपरा गोतो घराण्याची. गोतो युजो (१४४०–१५१२) हा आशिकागा योशिमासा या शोगुनच्या सेवेत होता, आणि त्याच्यापासून सतरा पिढ्यांपर्यंत या घराण्याने एकामागून एक सत्ताधीशांसाठी काम केले. शाकुदोची नानाको जमीन आणि तिच्यावर सोन्याचा उठाव ही त्यांची ठरलेली रीत; शोगुनच्या किल्ल्यात औपचारिक प्रसंगी जाताना तलवारीवर गोतोंचेच साज असावेत, असा दंडक एदो काळात (सतरावे ते एकोणिसावे शतक) रूढ झाला. सोन्यावरचा त्यांचा हात इतका विश्वासाचा मानला जाई, की जपानचा तत्कालीन सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने १५८८ मध्ये काढलेली तेन्शो ओबान ही मोठी सुवर्णमुद्रा पाचव्या पिढीतील गोतो तोकुजो याने तयार केली. मला स्वतःला मुख्य शाखेचे काम थोडे कोरडे वाटते. सिंह, ड्रॅगन, पुन्हा सिंह. राजाश्रयाने पोट भरते, पण नवे काही करून पाहण्याची निकड उरत नाही. सोमिन आणि त्याच्यामागून आलेले शहरी कोरक यांनी विषयांना मोकळीक दिली : रस्त्यावरचे खेळिये, बेडूक, वाळलेली पाने, चांदण्यातले वेळू. व्यापारी वर्गाकडे पैसा आला होता आणि त्याला स्वतःच्या तंबाखूच्या बटव्यावरही चांगली कारागिरी हवी होती.

शोगुनची सत्ता संपवून १८६८ मध्ये आलेल्या मेइजी सरकारने १८७६ मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी घातली, तेव्हा तलवारीच्या साजांची मागणी एका हुकुमासरशी संपली. आश्रयदाते सरदार त्याआधीच सत्ताहीन झाले होते. पुष्कळ कोरकांना धंदा सोडावा लागला. जे टिकले ते दोन वाटांनी टिकले. एक वाट निर्यातीची. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनापासून युरोपात जपानी वस्तूंची हौस वाढत गेली, आणि जे हात त्सुबा कोरत होते ते फुलदाण्या, धूपदाण्या आणि शोभेच्या पेट्या कोरू लागले. छोट्या चकतीवर घडलेले कसब हातभर उंचीच्या भांड्यावर पसरले, तेव्हा काही अद्भुत वस्तू जन्मल्या आणि काही नुसत्याच खच्चून भरलेल्याही. परदेशी गिऱ्हाइकाला रिकामी जागा म्हणजे राहून गेलेले काम वाटत असावे, अशी शंका अशा काही फुलदाण्यांपुढे येते.

दुसरी वाट सरकारी कामाची होती आणि तिच्यावरचे सर्वांत मोठे नाव कानो नात्सुओ (१८२८–१८९८). नव्या सरकारला पाश्चात्त्य धर्तीची नाणी हवी होती. त्यांच्यावरचे ड्रॅगन नात्सुओने कोरले, आणि ओसाका येथील टाकसाळ १८७१ मध्ये सुरू झाल्यावर त्याच्या हातचे कोरीवकाम देशभर लोकांच्या खिशात जाऊन बसले. तोक्यो येथील कलाशाळा १८८९ मध्ये सुरू झाली, तेव्हा धातूवरील कोरीवकामाचा पहिला प्राध्यापक म्हणून त्याचीच नेमणूक झाली. घराण्याच्या भिंतींआड बापाकडून मुलाकडे जाणारी विद्या तेव्हापासून वर्गातही शिकवली जाऊ लागली. नात्सुओचे मासे आणि फुले पाहताना लक्षात येते, की तो जमीन मोकळी सोडायला कचरत नाही. एका बाजूला दोन फुले, उरलेला सगळा धातू रिकामा, आणि तरीही त्या रिकाम्या जागेत हवा असल्याचा भास होतो.

त्याच शाळेत शिकवणाऱ्या उन्नो शोमिन (१८४४–१९१५) याचा पिंड वेगळा. १८९० मध्ये त्याने घडवलेली रानर्यो-ओ ही दरबारी नर्तकाची प्रतिमा जपानच्या शाही संग्रहात आहे. चेहऱ्यावरचा मुखवटा काढता येतो आणि त्याखाली नर्तकाचा पूर्ण कोरलेला चेहरा दिसतो. वस्त्रावरची वेलबुट्टी निरनिराळ्या धातूंच्या जडावाची आहे. ही प्रतिमा नको तितकी चतुर आहे, असे म्हणणारे रसिक आहेत. मी त्यांच्यात नाही.

प्रश्न : जुन्या बाजारात मिळणारी वस्तू खरोखर कोरलेली आहे की साच्यातून काढलेली, हे सामान्य माणसाने कसे ओळखावे?

उत्तर : दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या आणि आकृती सोडून प्रथम जमीन पाहा. ठोकलेल्या नानाकोमध्ये प्रत्येक दाणा स्वतंत्र आणि गोल उठून दिसतो व दाण्यांमधल्या घळी स्वच्छ असतात. साच्यातून निघालेल्या नकलेत दाणे एकमेकांत विरघळल्यासारखे दिसतात आणि मधूनमधून हवेच्या बुडबुड्यांची सूक्ष्म छिद्रे आढळतात. नंतर रेषेचा तळ पाहा. छिन्नीने कापलेल्या चरीच्या कडा धारदार असतात आणि तळाशी दर घावाची पुसटशी पायरी असते, तर ओतलेल्या रेषेचा तळ गोलसर आणि निर्जीव असतो. जडावाचा धातू आणि जमीन यांच्या सांध्यावरून नख फिरवून पाहा. सोनेरी भाग केवळ मुलामा असेल, तर सांधा जाणवतच नाही आणि उंचवट्यावर मुलामा झिजून खालचा धातू उघडा पडलेला दिसतो.

वस्तूवरच्या स्वाक्षरीवर मात्र विसंबू नका. सोमिनसारख्यांच्या खोट्या स्वाक्षऱ्या त्यांच्या काळापासून आजतागायत कोरल्या जात आल्या आहेत, आणि उलट गोतो घराण्यातील सुरुवातीच्या पिढ्यांच्या अस्सल कामावर स्वाक्षरीच नसते. पुढच्या पिढ्यांतील प्रमुखांनी पारख करून त्यावर पूर्वजाचे नाव कोरलेले आढळते. मोठी किंमत मोजायची असेल, तर तोक्योतील निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाइ ही तलवारींच्या जतनासाठी काम करणारी संस्था तलवारीच्या साजांनाही पारख करून प्रमाणपत्र देते. ते सोबत असलेली वस्तूच घ्यावी.

प्रश्न : आमच्याकडे अशी एक काळपट चकती आहे. ती पितळेच्या पॉलिशने घासून उजळवावी का?

उत्तर : कृपा करून तसे करू नका. तो काळपटपणा म्हणजे मळ नव्हे. कारागिराने मुद्दाम आणलेला आणि बहुधा शेवटचा टप्पा म्हणून सर्वाधिक काळजीने आणलेला तो रंग आहे. त्याचा थर इतका पातळ असतो, की पॉलिशचे दोन-चार हात फिरताच शाकुदो आणि तांबे एकसारखे तांबूस दिसू लागतील आणि काळ्या जमिनीवरची आकृती दिसेनाशी होईल. निइरो पुन्हा करता येते हे खरे, परंतु त्यासाठी पृष्ठभाग आधी घासून घ्यावा लागतो आणि त्या घासण्यात कोरलेल्या रेषांची धार थोडी का होईना जातेच. चिंचेचे पाणी, लिंबू, मीठ हे घरगुती उपायही तितकेच घातक आहेत. मऊ सुती कापडाने धूळ टिपावी, वस्तू कडेला धरूनच उचलावी आणि कोरड्या जागी ठेवावी. लोखंडी त्सुबावर लाल गंजाचे पावडरीसारखे ठिपके दिसू लागले, तर ते जाणकाराला दाखवावेत. एकसंध काळा-तपकिरी थर मात्र तसाच राहू द्यावा.

प्रश्न : आज ही कला जिवंत आहे का? पाहायला आणि शिकायला कुठे मिळेल?

उत्तर : आहे, मात्र कारागीर मोजके आहेत. जपानमध्ये महत्त्वाच्या पारंपरिक कौशल्यांच्या धारकांना सरकार अधिकृत मान्यता देते. लोक त्यांना जिवंत राष्ट्रीय ठेवा म्हणतात आणि आपले कसब पुढे सुरू ठेवण्यासाठी व शिकवण्यासाठी त्यांना वर्षाला २० लाख येन अनुदान मिळते. १९५५ मध्ये या मान्यता देण्यास सुरुवात झाली, तेव्हा कोरीवकामासाठी निवडला गेलेला उन्नो कियोशी हा वर उल्लेखिलेल्या शोमिनचा मुलगा. कानाझावा येथील नाकागावा मामोरु यांना ही मान्यता २००४ मध्ये मिळाली. त्यांच्या भांड्यांवर ड्रॅगन नाहीत आणि सिंहही नाहीत. एका धातूच्या जडावात दुसरा, दुसऱ्यात तिसरा असे थर बसवून ते रंगांचे मोठे, शांत पट्टे तयार करतात आणि ते पाहताना संध्याकाळचे डोंगर किंवा शहरातल्या इमारतींच्या कडा आठवतात. आकृती जवळजवळ नाहीशी झाली आणि धातूचा रंगच विषय झाला, हे मला या परंपरेतले स्वाभाविक पाऊल वाटते.

पाहण्यासाठी क्योतो येथील कियोमिझु सान्नेनझाका संग्रहालय उत्तम, कारण तेथे मेइजी काळातील धातुकाम जवळून पाहता येते. कानाझावा येथे २०२० पासून राष्ट्रीय हस्तकला संग्रहालय आहे. तलवारीचे साज पाहायचे असतील, तर तोक्योच्या र्योगोकु भागातील तलवार संग्रहालयात जावे. शिकण्यासाठी तोक्यो कला विद्यापीठात, म्हणजे नात्सुओ जिथे शिकवत असे त्याच शाळेच्या आजच्या रूपात, धातूवरील कोरीवकामाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. परंतु प्रवेशासाठी जपानी भाषा चांगली यावी लागते.